टाऊन हॉलच्या पायऱ्यांवरून हॉर्निमन सर्कल

मुंबईच्या फोर्ट भागातलं हॉर्निमन सर्कल बघायला येणारे बहुतेक लोक फाटकातून थेट बागेत शिरतात, झाडांखालून एक फेरी मारतात आणि निघून जातात. तसं करू नका. आधी पूर्वेच्या टाऊन हॉलच्या पायऱ्या चढा आणि वर पोचलात की मागे वळून बघा. समोर गोल बाग, तिला दोन्ही बाजूंनी कवेत घेणाऱ्या एकसारख्या इमारती आणि त्यांच्यामधून पश्चिमेला सरळ निघालेला वीर नरिमन रोड. झाडं आता बरीच वाढली आहेत, थोडं वाकून बघावं लागतं, पण चौकाची आखणी कळते ती इथूनच.

आम्ही चर्चगेटहून चालत आलो. तुम्हीही शक्यतो चालतच या. भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्थानक जवळ आहे, पण ज्यांचे पाय साथ देतात त्यांनी चर्चगेटलाच उतरावं. कारण हा रस्ता म्हणजे जुन्या किल्ल्यात शिरायची वाट आहे. आज फ्लोरा फाउंटन आहे तिथे किल्ल्याचा चर्चगेट नावाचा दरवाजा होता. १८६२ नंतर गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तटबंदी पाडली गेली, दरवाजाही गेला आणि १८६४ मध्ये तिथे कारंजं उभं राहिलं. हे कारंजं मुळात भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी घडवलेलं होतं.

त्याच्या शेजारचं शेतकरी आणि कामगाराचं शिल्प बघायला मात्र थांबाच. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच भागात संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. त्या लढ्यातल्या १०६ हुतात्म्यांची आठवण म्हणून हा चौक हुतात्मा चौक झाला. रविवारी सकाळी रहदारी कमी असते तेव्हा शिल्पासमोर निवांत उभं राहता येतं. एरवी सिग्नल आणि गर्दी तुम्हाला ढकलत पुढे नेतात.

पुढे सेंट थॉमस कॅथीड्रल लागतं. १७१८ च्या नाताळात ते उपासनेसाठी खुलं झालं. आतल्या भिंती कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांच्या स्मृतिशिल्पांनी भरलेल्या आहेत. सगळी वाचत बसू नका, गव्हर्नर जोनाथन डंकन यांचं शोधा. त्यावर कोरलेल्या मुलांच्या हातात एक पट आहे आणि काशी व काठियावाडातली बालहत्या बंद केल्याचं श्रेय त्यावर डंकनना दिलेलं आहे. राज्यकर्त्यांना स्वतःची कोणती ओळख मागे ठेवायची होती, ते या एका दगडात दिसतं. दाराबाहेरच्या कारंज्याचा खर्च कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दिला होता. प्रार्थना चालू असेल तर थांबा, मग आत जा.

आता सर्कलकडे. आजची ही देखणी जागा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बॉम्बे ग्रीन नावाचं मोकळं मैदान होती. गोदीजवळचं मैदान, म्हणून कापसाच्या गाठींचे ढीग इथेच लागत. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलला. पुढे तो शिवडीकडे गेला, हार्बर लाइनवरचं कॉटन ग्रीन स्टेशन त्याच बाजाराचं. कापूस गेल्यावर मागे राहिलं ते उजाड, अस्वच्छ मैदान.

त्याचा कायापालट करायची कल्पना चार्ल्स फोर्जेट या पोलीस अधिकाऱ्याची. १८५७ मध्ये मुंबईतला उठावाचा बेत शोधून काढणारा तो हाच. त्या प्रकरणात सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना आजच्या आझाद मैदानाच्या भागात तोफेच्या तोंडी दिलं गेलं. फोर्जेटची आखणी वाखाणताना ही दोन नावं मी विसरू शकत नाही, आणि तुम्हीही विसरू नयेत असं मला मनापासून वाटतं.

योजना व्यवहारी होती. नगरपालिकेने जागा घेतली, भूखंड पाडले आणि ते व्यापारी कंपन्यांना नफ्यात विकले. इमारतींचे दर्शनी भाग मात्र एकसारखे हवेत. कमानींचा सलग ओटा, वर एका रांगेत खिडक्या. ओट्यावरून चालताना मान वर करून कमानीच्या माथ्याचा दगड बघा, त्यावर चेहरे कोरलेले आहेत. ही १८६० च्या दशकातली वर्षं अमेरिकेतल्या यादवी युद्धाची, त्यामुळे मुंबईत आलेल्या कापसाच्या तेजीची आणि १८६५ च्या दिवाळखोरीची. शेअर दलाल त्याआधीपासून टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली जमत. त्यांचीच पुढे १८७५ मध्ये संघटना झाली, आणि दलाल स्ट्रीट इथून चालत काही मिनिटांवर आहे. १८७२ च्या सुमारास बाग पुरी झाली आणि माजी गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्यावरून चौकाला एल्फिन्स्टन सर्कल म्हणू लागले.

आजचं नाव ज्याचं आहे तो माणूस इंग्रजच. बेंजामिन हॉर्निमन हे फिरोजशहा मेहतांनी काढलेल्या बॉम्बे क्रॉनिकलचे संपादक. १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रह सभेत ते गांधीजींबरोबर होते. त्यांच्या लेखणीचा इतका धसका घेतला गेला की त्याच एप्रिलमध्ये सरकारने त्यांना हद्दपार करून इंग्लंडला पाठवलं. १९२६ मध्ये ते परत आले. स्वातंत्र्यानंतर मुंबईने गव्हर्नरांचं नाव काढून या संपादकाचं नाव चौकाला दिलं. शहराने केलेल्या नामांतरांपैकी मला सर्वांत पटलेलं हेच. सर्कललगतच मुंबई समाचारची लाल इमारत आहे. १८२२ पासून चालू असलेलं हे गुजराती पत्र. हॉर्निमन यांच्या चौकात तिला जरूर वेळ द्या.

टाऊन हॉल १८३३ चा. आत एशियाटिक सोसायटी आणि तिचं ग्रंथालय आहे, नाना शंकरशेट यांचा पुतळाही आहे. आत जायचं असेल तर वेळ आधी विचारून घ्या आणि कामाच्या दिवशीच या. रविवारी रस्ते मोकळे मिळतात, पण फोर्टातली बरीच खाण्याची ठिकाणं बंद असतात, म्हणून न्याहारी करून निघा. पाणी सोबत ठेवा. पावसाळ्यातही हरकत नाही, कमानींखालून बराचसा भाग कोरड्यानं फिरता येतो. टाऊन हॉलच्या आसपास टांकसाळ आणि नौदलाची गोदी आहे, त्या दिशेला कॅमेरा रोखू नका. ज्येष्ठांना घेऊन येणार असाल तर पायऱ्या उंच आहेत, त्यांना बागेतल्या बाकावर बसवा आणि वरून दिसणारा फोटो खाली आणून दाखवा.

बॉम्बे ग्रीनवर कॉर्नवॉलिस आणि वेलस्ली या गव्हर्नर जनरलांचे पुतळे होते. कॉर्नवॉलिसच्या पुतळ्याला लोक हार-फुलंही वाहत. हे पुतळे आता भायखळ्याला, राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहेत. दुपार हाताशी असेल तर तिकडे जा, फक्त बुधवार टाळा, त्या दिवशी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतं.