लिफाफ्यावर कुणाचं नाव लिहायचं?

१ मार्च २०१६, मंगळवार. रात्रपाळी संपवून घरी आले तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट शहरात, जिथे मी राहते, सकाळचे आठ वाजत आले होते आणि रोममध्ये अजून सोमवारची रात्र होती. युनिफॉर्म न बदलताच लॅपटॉप उघडला. तिथल्या हॉटेल क्विरिनालेच्या एका दालनात कॅथलिक चर्चमधले वरिष्ठ धर्मगुरू कार्डिनल जॉर्ज पेल बसले होते आणि सिडनीहून त्यांना प्रश्न विचारले जात होते. संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनसमोर त्यांची साक्ष चालू होती. हृदयविकारामुळे विमानप्रवास झेपणार नाही, म्हणून व्हिडिओवरून. त्याच दालनात आमच्या बॅलरॅटची माणसं बसली होती, लहानपणी ज्यांच्यावर धर्मगुरूंनी अत्याचार केले ती. लोकांनी वर्गणी काढून त्यांना रोमला पाठवलं होतं. काही दिवसांत दोन लाख डॉलरच्या वर जमले. त्यात माझेही ५० होते. घरी सांगितलं नव्हतं.

मी वसईची. आमच्याकडे फादर घरी आले की चांगली खुर्ची त्यांना, आणि आम्ही पोरं दाराशी उभी. फादर काही चुकीचं करू शकतात हा विचार कुणी मनाईने थांबवलेला नव्हता, तो मुळात सुचतच नसे. इथे आल्यावर सेंट अ‍ॅलिपियसच्या चर्च-शाळेच्या कुंपणावर रंगीत फिती बांधलेल्या पाहिल्या, आणि माझ्याबरोबर रात्रपाळी करणाऱ्या बाईने त्यांचा अर्थ सांगितला: अत्याचार सोसलेल्या मुलांसाठी. तिचा थोरला भाऊ त्या शाळेत होता. तो आता नाही. याहून जास्त मी इथे लिहिणार नाही.

जेराल्ड रिड्सडेल हा तिथला फादर. साठांहून अधिक मुलांवरच्या अत्याचारांबद्दल तो दोषी ठरला. बॅलरॅटचे बिशप मल्कर्न्स त्याला एका धर्मग्रामातून (पॅरिशमधून) दुसऱ्या धर्मग्रामात हलवत राहिले. १९७३ मध्ये तरुण फादर पेल काही काळ त्याच्याबरोबर एकाच घरात राहत होते आणि १९७७ पासून बिशपच्या सल्लागार मंडळात होते. बदल्या कशासाठी होत होत्या हे आपल्याला ठाऊक नव्हतं, बिशपनी आपल्याला फसवलं, असं पेल सांगत होते.

त्या सकाळी कमिशनच्या वकील गेल फर्नेस यांनी विचारलं, इंगलवूड गावात रिड्सडेलचे उद्योग सगळ्यांना माहीत होते का? पेल म्हणाले, ती एक दुःखद कहाणी होती आणि तिच्यात मला फारसा रस नव्हता. कशात रस नव्हता, असं त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा ते म्हणाले की यातना खऱ्याच होत्या, त्याचा खेद आहे, पण त्या दुष्कृत्यांच्या व्याप्तीकडे लक्ष द्यायचं मला काही कारण नव्हतं.

माझा चहा तसाच राहिला.

नवरा उठून आला. त्याने ते दोनदा ऐकलं. "वाक्य तोडून धरू नकोस," तो म्हणाला. "पुढे खेद आहे म्हणतायत की. शिवाय त्या गावाची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती." संध्याकाळी वसईला फोन लावला तर सासूबाईंना बातमी आधीच कळली होती. ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ चालू होता, शुक्रवारच्या क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला त्यांनी कार्डिनलसाठी प्रार्थना करायचं ठरवलं होतं. "अगं बाय, चौऱ्याहत्तर वर्षांचा आजारी माणूस, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसवून ठेवलाय. येशूलाही असंच रात्री नेलं होतं चौकशीला."

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

माझी सहकारी चिडेल असं मला वाटलं होतं. ड्रग ट्रॉलीवर गोळ्या मोजता मोजता ती म्हणाली, "निदान खरं तरी बोलले. आमच्यात कुणाला रस नव्हता हे आम्हाला ठाऊकच होतं. आता ते त्यांच्या तोंडून कागदावर आलं." मग शांतपणे पुढच्या खोलीत गेली.

पेल यांनी नंतर त्या शब्दांबद्दल खेद व्यक्त केला. तो मी मनापासून मानते. पण मी नर्स आहे. शेजारच्या वॉर्डातल्या मुलाच्या अंगावर वळ दिसले आणि 'तो माझा पेशंट नाही' म्हणून मी पुढे गेले, तर माझ्या नोंदणीवर गदा येईल आणि यायलाच हवी. धर्मगुरूला नर्सपेक्षा कमी मोजमाप लावायचं? वसईत लहानपणी शिकलेलं सगळं याच्या उलट होतं.

२०२० मध्ये दोन गोष्टी महिन्याभरात झाल्या. पेल यांनी स्वतः अत्याचार केल्याच्या आरोपांतून हायकोर्टाच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या, सातही न्यायाधीशांनी ७ एप्रिलला त्यांना मुक्त केलं. सासूबाईंचा लगेच फोन, "बघ, सांगत होते ना?" मेमध्ये कमिशनच्या अहवालातली झाकून ठेवलेली पानं उघड झाली. धर्मगुरू मुलांवर अत्याचार करतात याची जाणीव पेल यांना १९७३ पर्यंत झालेली होती, असा निष्कर्ष त्यांत होता. बिशपनी फसवल्याचं म्हणणंही कमिशनने स्वीकारलं नाही. या निष्कर्षांना पुरावा नाही, असं पेल म्हणाले. पहिल्या बातमीने दुसरी पुसली जात नाही, दुसरीने पहिली नाही. आमच्या घरात मात्र ज्याने-त्याने आपल्याला हवी ती एक उचलली. मीसुद्धा एप्रिलच्या निकालाबद्दल गप्पच राहिले होते, हे कबूल करायला हवं.

१० जानेवारी २०२३ ला रोममध्ये ते वारले. सासूबाईंनी त्यांच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थनाविधी) अर्पण करायचं ठरवलं आणि तसं मला फोनवर सांगितलं. या वेळी मी म्हटलं, "आई, जरूर करा. पण माझ्यातर्फे आणखी एक मिस्सा सांगा. बॅलरॅटच्या मुलांसाठी. जी गेली त्यांच्यासाठी."

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. वाटलं, फोन ठेवला.

मग पेन शोधल्याचा आवाज आला. "मिस्साच्या लिफाफ्यावर नाव लिहावं लागतं," त्या म्हणाल्या. "कुणाचं लिहू?"

मी सहकारीच्या भावाचं नाव सांगितलं. त्यांनी अक्षरं विचारून घेतली, एकेक करून.