चोविसातलं एक

सकाळी सव्वासातला मी टेस्टिंग रूममध्ये शिरलो तर रात्रपाळीच्या मुलाने कागदाची गुंडाळी टेबलावर पसरूनच ठेवली होती. "सर, बघा हे. काही रिफिली मधेच कोरड्या पडतायत."

बॉलपेनच्या टोकांची तपासणी हे माझं काम. आमचं मशीन रिफिली तिरक्या धरतं आणि सरकत्या कागदावर एकात एक अडकलेली वर्तुळं काढत राहतं. लिहिता लिहिता प्रत्येक रिफिल स्वतःभोवतीही सावकाश फिरते, त्यामुळे टोकाची एकही बाजू तपासायची राहत नाही. त्या गुंडाळीवर बहुतेक ओळी एकसारख्या निळ्या होत्या. काही मात्र फिकट होत होत पार पुसल्यासारख्या व्हायच्या, मग एकदम दाट, मधे शाईचा एखादा थेंब, आणि पुन्हा फिकट.

असं झालं की पहिला आळ शाईवर. तिचा दाटपणा मोजला, बरोबर निघाला. मग कुणीतरी बुडबुड्याचं काढलं. रिफिल भरल्यावर आम्ही ती सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवतो, म्हणजे शाईत अडकलेली हवा मागे निघून जाते. पण बुडबुडा राहिलाच तर रेघ एकदा तुटते आणि पुढे चालू होते. इथे तर ठरावीक अंतराने तेच ते. मी पट्टी लावून अंतर मोजलं: रिफिलीच्या एका फेरीत एकदा फिकट, एकदा दाट. म्हणजे टोकाची एक बाजू उपाशी आणि दुसरी तुडुंब. शाईला कुठली आलीय डावी-उजवी बाजू! दोष टोकात होता.

हे टोक म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची जेमतेम दोन-सव्वादोन मिलिमीटर जाडीची तार. तिचा तुकडा कापायचा, पुढचं तोंड निमुळतं करायचं, आरपार भोक पाडायचं, पुढे छर्‍याची बैठक कोरायची, तिच्यात शाई यायला बारीक चर पाडायचे. मग टंगस्टन कार्बाइडचा छर्रा, आमच्याकडे 0.7 मिलिमीटरचा, आत टाकायचा आणि तोंडाची कड फिरत्या रोलरने छर्‍यावर वळवायची. छर्रा निसटता कामा नये आणि अडकताही कामा नये. कड आणि छर्रा यांच्यातली फट काही मायक्रॉनची. केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून समजा. एक किलोमीटर रेघ ओढायची तर हा छर्रा साडेचार लाखांहून जास्त गिरक्या घेतो, आणि तेवढा वेळ त्या फटीने बदलायचं नाही.

बॉलपेनचं पेटंट तर 1888 मध्येच जॉन लाउड यांनी घेतलं होतं, चामड्यावर खुणा करायच्या पेनासाठी. लास्लो बिरो यांनी कागदावर धड लिहिणाऱ्या पेनाचं पेटंट घेतलं 1938 मध्ये. मधली पन्नास वर्षं बरीचशी या फटीने आणि तिच्यातून वाहणाऱ्या शाईने खाल्ली, असं मला वाटतं.

आमचे सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारे, ज्यांना सगळे मामा म्हणतात, आले आणि तारेवर घसरले. "तारच कडक आली असेल." तारेचा राग यायला कारणं असतात, हे खरं. वर्षाला अब्जावधी पेनं करणाऱ्या चीनलाही टोकांसाठीचं पोलाद बाहेरून आणावं लागायचं. तैयुआनच्या कारखान्याने ते जमवल्याची बातमी आली 2017 च्या जानेवारीत. पण तार वाईट असती तर सगळीच टोकं बिघडली असती.

तेव्हा मला मोजणीचं सुचलं. लॉटमधून 240 टोकं उचलली, रिफिली भरून छोटी चाचणी घेतली. खराब 11. आणखी 240 घेतली. खराब 9.

"मामा, मशीनच्या टेबलावर कॉलेट किती?"

"चोवीस," म्हणाले, आणि पुढचं सांगायची गरज उरली नाही.

आमचं मशीन गोल टेबलाचं आहे. तारेचा तुकडा एका कॉलेटमध्ये, म्हणजे त्याला घट्ट धरणाऱ्या पकडीत, पकडला की शेवटपर्यंत त्यातच राहतो. टेबल एकेक घर सरकतं आणि तो एकेका हत्यारासमोर जातो. हत्यार झिजलं तर प्रत्येक टोक बिघडेल. कॉलेट बिघडला तर चोविसातलं एक.

कॉलेटनंबर 1 पासून ओळीने चोवीस टोकं पकडली, एकेक खाचेत उभी केली आणि प्रोफाइल प्रोजेक्टरखाली, म्हणजे सावली मोठी करून पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राखाली, धरली. सोळा टोकं बघून झाली तरी काही नाही. सतराव्याची सावली पडद्यावर पडली आणि मामांनी चष्मा वर सरकवला. छर्‍याभोवतीची कड एका बाजूला जाड दिसत होती, दुसऱ्या बाजूला बारीक. भोक आणि कड यांचे मध्य जुळत नव्हते.

मामांनी सतरावा कॉलेट उघडला, पुसला, भिंगाखाली धरला. आतल्या भिंतीला पितळेचा एक पापुद्रा चिकटला होता. तेलाने धुतला न गेलेला कीस, मोजला तर 30 मायक्रॉन जाड. त्याच्यामुळे तुकडा किंचित कलता पकडला जायचा.

कॉलेट साफ करून नवी टोकं काढली, ठणठणीत. खरी कटकट पुढे होती. आदल्या रात्री नऊला कॉलेट बदलल्यानंतरचा सगळा माल संशयित, आणि टोकं ट्रेमध्ये एकत्र पडलेली. कुठलं सतराव्याचं हे कोण सांगणार? प्रोडक्शनवाले म्हणाले, "चोविसात एकच आहे ना, जाऊ द्या." मी कागदावर हिशोब मांडला: पेनं दहाच्या पाकिटात जातात, म्हणजे साधारण दर तिसऱ्या पाकिटात एक तरी रुसणारं पेन निघणार. ते काही बोलले नाहीत, पण ट्रे सोडायलाही तयार नव्हते. शेवटी रात्रीचा पूर्ण लॉट भंगारात गेला. त्या कागदावर सही करताना हात जड होतोच. दर चोविसातली तेवीस टोकं निर्दोष असतात.

तो पापुद्रा मी पारदर्शक टेपखाली रजिस्टरमध्ये चिकटवून ठेवला, शेजारी तारीख आणि कॉलेटनंबर. दुपारपाळीच्या मुलाने पान उलटलं आणि विचारलं, "सर, इथे नुसतीच टेप का लावलीय?"