मुलाच्या पेन्शनचे कागद

मुलगा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता. काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी झालेल्या चकमकीत गेला. लग्न ठरत आलं होतं, झालं नव्हतं, त्यामुळे पेन्शनवर हक्क आम्हा आईबापांचा. तेराव्यानंतर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडून जाडजूड पाकीट आलं. ते बरेच दिवस कपाटावर तसंच होतं. फोडायचं कुणी?

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक, म्हणजे मला स्वतःची पेन्शन आहे. पहिलं घोडं तिथंच अडलं. बँकेतल्या साहेबांनी पासबुक बघून सांगितलं, "गुरुजी, तुम्ही पेन्शनर. मुलावर अवलंबून होता असं कसं दाखवणार? बसत नाही." गावातल्या जाणत्यांचंही तेच मत पडलं. हिला तर त्या पैशाचं नावही नको होतं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मात्र एक निवृत्त सुभेदार भेटले. त्यांनी माझी पेन्शन विचारली नाही. पाकिटातले कागद बाजूला सारत म्हणाले, "मृत्यू कशात धरलाय, ते पत्र काढा." पत्रात 'बॅटल कॅज्युअल्टी', म्हणजे लढाईतला मृत्यू, असं लिहिलं होतं. "मग तुमचं उत्पन्न कोण विचारतंय?"

सगळी गोम या एका पत्रात आहे. सैन्यातली कुटुंब पेन्शन तीन प्रकारची. साधी शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. ती आईवडिलांना हवी असेल तर उत्पन्नाची अट लागते, महिना ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता. मृत्यू नोकरीच्या कारणाने झाला असेल तर विशेष पेन्शन, ६० टक्के. लढाईत किंवा अतिरेक्यांशी लढताना झाला तर उदारीकृत, म्हणजे पत्नीला अख्खा शेवटचा पगार. जवान अविवाहित असेल तर त्या रकमेच्या ७५ टक्के आईवडील दोघांना मिळून, एकटा पालक असेल तर ६० टक्के, आणि उत्पन्न बघितलं जात नाही. बँकेतल्या साहेबांना साध्या पेन्शनचा नियम तेवढा ठाऊक होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यावर विसंबून घरी बसलो असतो तर बसूनच राहिलो असतो.

ती ६० टक्क्यांची ओळ हिने मला पुन्हा वाचायला लावली. "म्हणजे आपल्यातलं एक गेल्यावर?"
"हो."
"बरं," म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

पुढचा घोळ नावाचा. भरतीच्या वेळी मुलाने आईच्या नावापुढे 'बाई' लावलं होतं, जसं आमच्याकडे सगळे लावतात. आधारवर 'बाई' नाही. जन्मतारीखही वेगळी, आधारवर १ जून. (खेडोपाडी १ जूनला जन्मलेली इतकी माणसं आहेत, ती आम्हा मास्तर लोकांची कृपा.) दोन्ही नावांची बाई एकच आहे, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तहसीलच्या आवारात टायपिस्टने हिच्यासमोरच मोठ्याने वाचून दाखवलं, "मी शपथेवर सांगते की मयत जवानाची आई मीच आहे." ही काही बोलली नाही, बोट शाईत बुडवलं. मुलगा अविवाहित होता याचा दाखला, दोघांचे फोटो, पॅन, पासबुक, सह्यांचे नमुने हे सगळं त्या मानाने सरळ. साक्षांकन सैनिक कल्याण कार्यालयात होतं, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. हिच्या आधारला मोबाइल नंबर मुलाचा होता. सुट्टीवर आला होता तेव्हा त्यानेच जोडून दिला होता. आता ओटीपी जाणार त्या बंद पडलेल्या सिमवर. आधार केंद्रात जाऊन नंबर बदलला, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं.

रेकॉर्ड ऑफिसकडून दावा प्रयागराजच्या लष्करी पेन्शन कार्यालयात जातो, तिथून पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, निघतो. आता सगळं 'स्पर्श' या संगणक प्रणालीवर आहे. पीपीओ आला की रक्कम बघायच्या आधी प्रकार बघा, मग दोघांची नावं अक्षर न् अक्षर. चूक दिसली तर लगेच लेखी कळवा, आणि पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका.

आमच्या शेजारचा मुलगा अग्निवीर आहे. त्याच्या वडिलांनी एकदा विचारलं, आम्हालाही असंच असतं का? नसतं. अग्निवीराला ४८ लाखांचा विमा आहे, सेवेमुळे मृत्यू झाला तर ४४ लाखांचं सानुग्रह अनुदानही आहे, पण कुटुंबाला महिन्याची पेन्शन नाही. पोरं त्याच चौकीवर उभी असतात. मला हा फरक पटत नाही, आणि तो त्या माणसाला सांगताना जीभ जड झाली.

पेन्शन सुरू झाली तरी दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो. मी मोबाइलवर चेहरा दाखवून घरीच करतो. हिला त्या कॅमेऱ्यासमोर बसायचं नसतं, आणि शेतात राबून बोटं झिजल्यामुळे यंत्रावर अंगठाही उमटत नाही. म्हणून तिला घेऊन सैनिक कल्याण कार्यालयात जातो, महिन्याच्या सुरुवातीलाच, गर्दी व्हायच्या आत.