गाडी कोठे आहे, आणि ही खबर केव्हाची?

जळगाव स्थानकावर दोन रेल्वेंच्या हद्दी एकत्र येतात. चाळीसगाव, पाचोऱ्यावरून भुसावळकडे जाणारा मार्ग मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाचा, तर अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करीत उधन्याला मिळणारा मार्ग पश्चिम रेल्वेच्या मुंबई सेंट्रल विभागाचा. प्रवाशाला या हद्दीचा पत्ताही लागत नाही. माहिती मात्र तेथे अडते. रुळांच्या कामासाठी ब्लॉक असला, की एका मार्गाचे पत्रक भुसावळहून निघते आणि दुसऱ्याचे मुंबईहून, आणि अमळनेरहून पाचोऱ्याला अपडाऊन करणाऱ्या शिक्षकाला दोन्ही शोधून वाचावी लागतात.

आमच्या अपडाऊनवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटात माहितीची टंचाई कधीच नव्हती. सकाळी कोणी ‘गाडी कोठे शे?’ असे विचारले, की लागोपाठ स्क्रीनशॉट येऊन पडत; त्यांतला एखादा कालचा असे, एखादा दुसऱ्याच गटातून पुढे ढकललेला असे, आणि पाठवणारा प्रत्येक जण आपल्या परीने खरेच सांगत असे. स्क्रीनशॉट धावत्या गोष्टीला थांबवून ठेवतो आणि ती केव्हा थांबवली हे बहुधा सांगत नाही.

ही माहिती मुळात कोठून निघते हे ठाऊक असले, की वेळेच्या नोंदीचे महत्त्व पटते. गाडी स्थानकातून गेली, की स्टेशन मास्तर ती वेळ विभागाच्या नियंत्रण कक्षाला कळवतो. पूर्वी तेथला सेक्शन कंट्रोलर कागदी तक्त्यावर पेन्सिलीने गाडीची रेघ ओढत असे. आता ती रेघ संगणकावर उमटते आणि तेथून एनटीईएस या चौकशी प्रणालीत जाते, जी ‘क्रिस’ ही रेल्वेची संस्था सांभाळते. अनेक इंजिनांवर आता इस्रोच्या साहाय्याने तयार झालेले उपकरण बसवले असून ते साधारण दर 30 सेकंदांनी इंजिनाचे ठिकाण कळवते. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ या ॲपची रीत निराळी आहे. आपण गाडीत बसलेले असलो, तर ते मोबाइलच्या टॉवरवरून ठिकाण ओळखते आणि वेळापत्रक फोनमध्येच साठवलेले असल्याने इंटरनेटवाचूनही चालते. म्हणून एकच गाडी दोन पडद्यांवर दोन ठिकाणी दिसली, तर त्यांतला एक खोटा असेलच असे नाही.

या गोंधळातून आम्ही एक सामायिक ऑनलाइन तक्ता सुरू केला. गाडीचा क्रमांक, स्थानक, झालेला बदल, तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोठून कळले आणि नोंद केव्हा केली, एवढेच रकाने त्यात आहेत. शेवटचे दोन रिकामे असतील तर ती नोंद काढून टाकायची, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळतो. तक्ता सर्वांना पाहता येतो, पण बदलण्याचा अधिकार मोजक्यांनाच आहे. काहींना हे रुचले नाही. तथापि ज्यात कोणीही केव्हाही खाडाखोड करू शकतो, अशा कागदावर विसंबून पहाटे घर सोडायला मी तरी तयार होणार नाही. गाडी या क्षणी किती उशिरा धावते आहे, हे तक्त्यात मुळीच लिहीत नाही, कारण लिहून होईपर्यंत ते शिळे होते. तेथे एनटीईएसचा दुवा पुरतो. तिकिटाचे छायाचित्र गटात टाकण्यासही मनाई आहे, कारण पीएनआरच्या 10 अंकांवरून परक्यालाही आरक्षणाची स्थिती पाहता येते.

तारखेचा आणखी एक पेच आहे. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी 11039 महाराष्ट्र एक्सप्रेस जळगावला दुसऱ्या दिवशी पोहोचते. पत्रकात ‘15 तारखेची गाडी रद्द’ असे छापले असेल, तर ती कोल्हापूरहून 15 ला सुटणारी गाडी असते. जळगावकराच्या लेखी ती 16 ची. तक्त्यात म्हणून दोन्ही तारखा लिहितो.

तरीही काही माहिती कोणत्याच साधनात सापडत नाही. धुळ्याचा मार्ग चाळीसगावला मुख्य मार्गाला मिळतो. मुंबईकडून येणारी गाडी लेट असेल, तर धुळ्याची गाडी तिच्यासाठी थांबेल काय, हे ॲप सांगत नाही. ते फलाटावर उभ्या असलेल्या माणसाने चौकशी करून कळवावे लागते, आणि मग रकान्यात ‘चाळीसगावला विचारले’ असे वेळेसह लिहिले जाते. माझ्या मते तक्त्यातील सर्वांत मोलाच्या नोंदी याच.

ॲपे आजचे वेळापत्रक दाखवतात आणि कालचे पुसून टाकतात. पाचोरा ते जामनेर धावणारी नॅरोगेज गाडी, जिला सारे पीजे म्हणत, 2020 च्या टाळेबंदीत थांबली, आणि तो मार्ग आता ब्रॉडगेज होणार आहे. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर येथे ती केव्हा पोहोचे, हे आता जुन्या छापील पानांवरूनच जुळवावे लागते. या पानांचीही अडचण तारखेचीच असते, कारण मुखपृष्ठ बहुधा फाटलेले असते. मेल-एक्सप्रेस गाड्यांचे क्रमांक डिसेंबर 2010 मध्ये पाच अंकी झाले. तेव्हा त्याच वेळापत्रकात महाराष्ट्र एक्सप्रेस 1039 अशी दिसली, तर ते त्याआधीचे, एवढे निश्चित करता येते. जामनेर तालुक्यातील घरांमध्ये अशी पाने, तिकिटे आणि पास अजून असतील. त्यांचे छायाचित्र काढताना छापील तारीख कापली जाऊ नये, इतकेच पाहावे. टंकून घेण्याचे काम आम्ही करू.