एका क्रियापदाने अडवलेला दिवस

गुरुवार, रात्री साडेदहा

आज मार्गदर्शक बाईंसमोर माझ्या पीएच.डी.साठीच्या इंग्रजी प्रश्नावलीचा मराठी मसुदा ठेवला आणि तासभर आम्ही एकाच प्रश्नावर अडून राहिलो. मणक्याच्या दुखापतीनंतर पाय लुळे पडलेल्या रुग्णांसाठी मी लिहिले होते, ‘तुम्ही कितपत चालू-फिरू शकता?’ जिला मूळ इंग्रजी मुद्दामच दाखवले नव्हते, त्या मैत्रिणीने या वाक्याचे पुन्हा इंग्रजी केले, तेव्हा त्यात थेट पायांनी चालणे आले. मुळात मात्र प्रश्न केवळ इकडून तिकडे जाता येण्याचा होता. पूर्वचाचणीत जोडचाकांची स्कूटर चालवत एकटाच ओपीडीत आलेल्या एका तरुणाने या प्रश्नापुढे ‘अजिबात नाही’ अशी खूण केली होती. मी कारण विचारले, तर तो म्हणाला, “ताई, तुम्ही चालण्याचं विचारलंत ना?”

अकरा वर्षे समुपदेशन करूनही हे माझ्या कानाला खटकले नव्हते. समोरासमोर बोलताना चुकलेला शब्द पुढच्या वाक्यात सावरून घेता येतो, कागदावर छापलेल्या प्रश्नाला ती सोय नसते. पीएच.डी.तून मला काय मिळते आहे, तर स्वतःच्या वाक्यावर संशय घेण्याची ही सवय.

व्यवसायाचा परवाना मात्र पीएच.डी.ने मिळत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत माझे नाव आहे ते वॉर्डात देखरेखीखाली काढलेल्या एम.फिल.च्या दोन वर्षांमुळे, आणि उद्या नावामागे डॉक्टर लागले तरी त्या अधिकारात काडीचीही भर पडणार नाही. (सासरी हे कुणालाच पटत नाही.) विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनी एम.फिल. बंद केली, चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार सामाजिक कार्य या दोन विषयांना तेवढी तात्पुरती मुदतवाढ मिळाली. त्यामुळे एम.ए. झालेल्या मुली विचारतात, की थेट पीएच.डी.च केली तर? मी त्यांना स्पष्ट सांगते, की संशोधन शिकाल, पण रुग्णाच्या तपासणी अहवालावर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून सही करता येणार नाही.

त्याच नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मुदत असते, स्त्रियांना व चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. कोर्सवर्क कधीच संपले. नोकरी सांभाळून हे करताना ती दोन वर्षे मला लागणार, अशी चिन्हे आहेत.

दुपारी वाक्य बदलले: ‘खुर्ची, कुबड्या किंवा वाहन वापरून तुम्ही हव्या त्या ठिकाणी कितपत जाऊ शकता?’ त्यात मी ‘कुणाची मदत घेऊन’ असेही घातले होते, ते बाईंनी खोडले. कुणी सोबत असणे आणि स्वतः जाता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एका प्रश्नात कोंबू नयेत, असे त्या म्हणाल्या, आणि ते बरोबरच होते.

आता सुधारित मसुदा पुन्हा संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिमत्ता समितीकडे पाठवायचा आहे. पूर्वचाचणीत भरून घेतलेले चौदा फॉर्म वेगळ्या फाइलमध्ये लावले. ते यापुढे मोजता येणार नाहीत. त्या तरुणाला पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलावले आहे.