काळा आकडा

लोकांना आम्हा लॅबवाल्यांच्या कामातली फक्त सुई दिसते. जांभळ्या झाकणाची ट्यूब लगेच आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी केली नाही तर रक्त गोठतं आणि सॅम्पल वाया जातं. सकाळी कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल, बरोबर आल्याशिवाय मी एकही पेशंट मशीनवर घेत नाही. नवी पोरं मागे खडूस म्हणतात, म्हणू देत.

माझं भांडण रिपोर्टच्या सॉफ्टवेअरशी आहे. त्याला वय कळतं, स्त्री-पुरुष कळतं, पण गरोदर बाई त्याच्या लेखी नुसतीच बाई. रेंजबाहेर गेलं की आकडा लाल. दोनदा तक्रार केली. ‘पुढच्या अपडेटमध्ये बघू.’

त्या दिवशी कोपरखैरण्याच्या आमच्या लॅबमध्ये एक ताई सासूबाईंसोबत रिपोर्ट न्यायला आल्या. आठवा महिना. सकाळी रक्त घेतानाही प्रश्न चालूच होते, ट्यूबांची झाकणं वेगळी का इथपासून. रिपोर्टवर चार लाल आकडे बघून सासूबाई मटकन बसल्या.

मी समजावलं. हिमोग्लोबिन 11.2. गरोदरपणात रक्तातलं पाणी साधारण 40 ते 50 टक्के वाढतं, लाल पेशी त्या मानाने कमी वाढतात. आमटीत पाणी वाढवलं की डाळ तेवढीच असूनही पातळ लागते, तसं. पांढऱ्या पेशी 13,400, याही या दिवसांत वाढतात. ईएसआर, म्हणजे लाल पेशी खाली बसायचा वेग, वाढतोच. अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम 210, त्यातलं बरंचसं वारेतून येतं. “लालकडे बघू नका,” मी ऐटीत म्हणालो, “बाकी सगळं काळं आहे.”

ताई म्हणाल्या, “दादा, लाल चुकीचं लाल असेल, तर काळं बरोबर काळं कशावरून?”

मी हसलो. मग कागद परत हातात घेतला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, 0.9. छापलेल्या रेंजमध्ये अगदी गुण्यागोविंदाने बसलेलं. पण या दिवसांत किडनी जवळपास दीडपट गाळते, क्रिएटिनिन खाली यायला हवं, 0.4 ते 0.8च्या आसपास. दोन महिन्यांपूर्वीचा त्यांचाच रिपोर्ट काढला: 0.5.

सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, शिल्लक होतं. पुन्हा लावलं. 0.9च. पॅथॉलॉजिस्ट मॅडमना फोन केला. त्यांची सही आधीच झाली होती. दिवसाला दोनशे रिपोर्ट हाताखालून जाणारं माणूस काळ्याकडे कशाला बघेल? मॅडम मात्र एका वाक्यात उठल्या, थेट ताईंच्या डॉक्टरांशी बोलल्या. ताईंना म्हणाल्या, घरी न जाता तिकडेच जा. तिथे बीपी 156/104 निघालं, लघवीत प्रोटीन. लगेच ॲडमिट. बाळ लवकर काढावं लागलं, दोघं सुखरूप आहेत. सासूबाई पेढे घेऊन आल्या, माझे आभार मानत होत्या. मला तो पेढा गिळवेना. मी तर त्यांना घरी पाठवत होतो.

परवा ड्यूटी संपल्यावर जुने रिपोर्ट काढून बघायला बसलो, असे काळे आकडे आणखी किती दिले ते शोधायला. पण सॉफ्टवेअरमध्ये गरोदर हा रकानाच नाही. शोधणार काय घालून?