भोगरामची वाट

नागपूरकराला रामटेक काही नवं नाही. ५० किलोमीटरची तर वाट. पाहुणे आले की गाडी काढायची, गडावर आधी लक्ष्मणाचं आणि मग रामाचं दर्शन घ्यायचं, कालिदास स्मारक दाखवायचं, खिंडसीच्या तलावावर थोडं बसायचं आणि दिवेलागणीला घरी परतायचं. अशा खेपा मी लहानपणापासून केल्या. त्याच डोंगरावर गडाच्या गर्दीपासून बाजूला भोगरामचं देऊळ आहे, चक्रधर स्वामींच्या महानुभाव पंथाचा मठ आहे. तिथं मात्र मी ४६व्या वर्षी पहिल्यांदा गेले. तेही महानुभावी घरात जन्मून. याची मला खरंच लाज वाटते.

नेलं ते आत्यानं. तिचं वय ७१. दिवाळी उरकल्यावर तिचा फोन आला, "रविवारी भोगरामले जाऊ. मनसरपासून पायी." कारण विचारलं तर म्हणाली, "स्वामी काय मोटारीत आले होते काय वं?"

सकाळी पहिल्या गाडीनं निघालो. जबलपूरच्या हमरस्त्यावर मनसरला उतरलो तेव्हा थंडी होती आणि टपरीवर तर्री-पोह्याची परात नुकतीच लागली होती. आत्या उपाशीच चालणार होती, म्हणून मीही फक्त चहा घेतला. तिच्या पिशवीत फडक्यात बांधलेले शेंगुळे होते, पाण्याची बाटली होती आणि एक घडी केलेलं पांढरं वस्त्र. शेंगुळेच का आणले हे मी विचारलं नाही, कारण ते ठाऊक होतं. ही एकच लीळा, म्हणजे स्वामींच्या आयुष्यातली गोष्ट, आजीनं आम्हा भावंडांना इतकी ऐकवली होती की झोपेतसुद्धा सांगता आली असती. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव रामयात्रेचं निमित्त करून घर सोडतो. त्याला यायचं असतं इथं, रामटेकला. वाटेत अमरावतीकडच्या ऋद्धिपूरला त्याला त्याचे गुरू गोविंदप्रभू भेटतात आणि हातातलं सेंगुळं प्रसाद म्हणून देतात. तिथं तो राजपुत्रासारखा वाढलेला मुलगा संपतो आणि चक्रधर होतो. ही १३व्या शतकातली गोष्ट. रामटेकला तो पुढं आला, भोगरामला राहिला, पण ज्यासाठी निघाला होता ते त्याला आधीच मिळालं होतं.

मनसर ते रामटेक सहासात किलोमीटर. हमरस्ता सुटला की दोन्ही हातांना धानाच्या बांध्या लागतात. पेंचच्या कालव्याचं पाणी पोचतं म्हणून हा मुलूख धानाचा. आमच्या काटोलकडचा कापूस-संत्रा इथं दिसत नाही. अर्ध्या बांध्यांत कापणी झालेली, कडपा वाळत पडलेल्या, काही ठिकाणी पुंजणे लागलेले. कापलेल्या धानाचा तो ओलसर, गोडसर वास चालताना जसा भेटतो तसा गाडीच्या काचेतून कधीच भेटत नाही. मागं हिडिंबा टेकडी राहिली. उत्खननात तिथं वाकाटकांच्या काळचं मोठं देऊळ निघालं, आणि दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं बरेच अभ्यासक मानतात. त्याची आई प्रभावतीगुप्ता, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. तिचा एक ताम्रपट 'रामगिरिस्वामींच्या पादमूलापासून' दिलेला आहे, म्हणजे याच डोंगरावरून. आणि तो सापडला कुठं? ऋद्धिपूरला. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती रस्त्यातच थांबली. "म्हणजे ही दोन गावं आधीपासूनच एकमेकांले धरून हायेत," म्हणाली आणि परत चालायला लागली. पुढचं अर्धं अंतर ती बोललीच नाही.

बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठं चालल्या माय?"

"भोगरामले."

"पायी? आटो भेटते ना इथून."

"भेटते बापा. पण पायीच जातो."

त्यानं पुढं काही विचारलं नाही. शिदोरीतले दोन पेरू काढून माझ्या हातावर ठेवले.

गावाजवळ आल्यावर आत्यानं पानं घ्यायला लावली. रामटेकचं कपुरी पान जुन्या लोकांना चांगलं माहीत आहे. बारई मंडळी ते पिढ्यान्‌पिढ्या लावत आली आहेत. बांबू आणि गवताच्या आडोशाखाली वाढणारा तो वेल, उन्हाचा एक जादा कवडसाही त्याला चालत नाही. मठात उपहारानंतर, म्हणजे नैवेद्यानंतर, विडा अवसर होतो, देवाला विडा अर्पण करतात, त्यासाठी पानं इथलीच हवीत हा तिचा हट्ट. ओल्या फडक्यात गुंडाळून ती मी हातात धरली, पिशवीत चुरगळतील म्हणून.

चढण लागल्यावर आत्याचा उजवा गुडघा बोलायला लागला. तिनं तसं सांगितलं नाही, पण पायरीवर आधी डावा पाय, मग दुसरा त्याच पायरीवर, असं सुरू झालं. मी म्हटलं, बसू. ती म्हणाली, "बसली तं उठणार नाही. तू मागं राह्य." माकडांची एक टोळी पिशवीकडं बघत बाजूनं चालत होती. खाली अंबाळा तलाव दिसत होता, त्याच्या काठची देवळं आणि पलीकडं धुरकट सपाट रान. तेवढ्या चढाला आम्हाला पाऊण तास लागला.

भोगराम लहान आहे. वाकाटक काळातलं दगडी देऊळ, शेजारी शेजारी दोन गाभारे, पुढं खांबांचा मंडप. गडावर असतो तसा घंटांचा गजर नाही, दुकानं नाहीत. पोचल्यावर आत्यानं हातपाय धुतले, पांढरं वस्त्र खांद्यावर घेतलं, दंडवत घातला आणि कपाळ स्थानाला टेकवलं. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मी नंतर टेकवलं. दगड गार होता. आमच्यात स्थान म्हणजे मूर्ती नव्हे. स्वामी इथं बसले, इथून चालले, एवढ्यानं ती जागा नमस्काराची होते. पायी का यायचं ते मला त्या क्षणी कळलं. जो गावोगाव पायी हिंडला त्याच्या पायाखालची जागा आपण शोधत असतो.

मठातल्या एका तपस्विनीनं आम्हाला बसवलं. पन्नाशीच्या असतील. शेतमजुराच्या घरच्या, विशीत संन्यास घेतलेल्या. शेंगुळ्यांचा उपहार झाला, विडा झाला, मग पंगतीत बसलो. वरण, भात, वांग्याची भाजी. वाढणारं कोण, कुठल्या जातीचं, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

जेवल्यावर आत्या मंडपात आडवी झाली आणि मी एकटीच धूम्रेश्वराला जाऊन आले. छोटं देऊळ, कुणी फारसं थांबत नाही. शंबुकाची जागा ही, असं परंपरा सांगते. शूद्र असून तप केलं म्हणून रामानं मारलेला शंबुक. आजवर गडावर येताना मी त्याचा विचारही केला नव्हता. त्या दिवशी मात्र मला तिथून हलवेना. तप केलं म्हणून एकाचा जीव गेला अशी कथा ज्या डोंगराची, त्याच डोंगरावर शेतमजुराची लेक संन्यास घेऊन ताठ बसली आहे आणि माझी आत्या तिच्या पाया पडते आहे. शूद्रांना आणि बायकांना संन्यासाचा अधिकार सातशे वर्षांपूर्वी स्वामींनी दिला, संस्कृत बाजूला ठेवून त्यांच्याशी मराठीत बोलले, हे मी भाषणांत ऐकलं होतं. पण ऐकणं आणि त्या दोन जागांमधलं अंतर स्वतःच्या पायांनी चालणं यात फरक आहे. परत येऊन मी तपस्विनींना हे सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यालेही नमस्कार केला ना? बरं केलं."

उतरताना आत्यानं माझा खांदा धरला. रामटेकहून बस मिळाली, खिडकीची जागाही मिळाली. मनसर मागं गेल्यावर तिनं फडक्यातून प्रसादाचं एक शेंगुळं काढलं, मोडलं आणि अर्धं मला दिलं. मग म्हणाली, "तिकीट दे तं. पेन हाये का?"

तिकिटाच्या मागं तिनं मला गावं लिहायला लावली. ऋद्धिपूर, मोर्शी, वरूड, जलालखेडा, काटोल, कळमेश्वर, नागपूर, मनसर, भोगराम. एकेका नावापुढं मुक्काम कुणाकडं करायचा ते ती सांगत होती आणि मी लिहीत होते. काटोलपुढं आमच्या घराचं नाव आलं. जलालखेड्यापुढची जागा रिकामी राहिली. तिथं ओळखीचं कोण आहे, ते आम्ही कामठी येईपर्यंत आठवत होतो.